कचऱ्याच्या टेकडीवर बंब

पाण्याचा बंब येऊन उभा राहिला तेव्हा ओव्हरसियर कमलाकांत यांनी इस्त्रीची पांढरी पँट घातली होती. पुढच्या अर्ध्या तासात ती कामातून गेली, पण तिचं दुःख करायला त्यांना सवड मिळाली नाही.

गाव अकोला-अमरावती रस्त्यावरचं, लहानसं. साल एकोणीसशे बासष्ट. गावाबाहेर वीस वर्षांच्या कचऱ्याची टेकडीच झाली होती. गेल्या पावसाळ्यात तिच्यावरची माती वाहून गेली, मागोमाग कचरा नाल्यात उतरला आणि खालच्या वस्तीच्या तिन्ही विहिरी नासल्या. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. म्हणून यंदा टेकडीवर मातीचं पक्कं पांघरूण घालायचं काम कमलाकांतांकडे आलं. चार महिने खपून त्यांनी काळी माती आणली, धुमसानं चोपली आणि पुढची बाजू देवळाच्या शिखरासारखी उभी, गुळगुळीत केली.

ती पाहायला अकोल्याहून मोठे इंजिनिअर बापूसाहेब आले.

"दिसते सुरेख," ते म्हणाले. "पण पावसात टिकेल?"

"कणभर हलणार नाही, साहेब! म्हणून तर बंब बोलावलाय."

बंबाचा ड्रायव्हर चंद्रभान उतावीळच होता. गावात तीन वर्षांत आग लागली नव्हती. "किती सोडू, साहेब?"

"पुरं सोड!"

पहिल्या मिनिटात माती नुसती चमकली. दुसऱ्या मिनिटाला बोटभर ओघळ पडला, ओघळाची घळ झाली आणि मग अख्खा थर दुधावरच्या सायीसारखा खाली सरकला. त्याच्यामागून फुटक्या बरण्या, छत्र्यांच्या काड्या आणि एक बिनचाकाची सायकल बाहेर पडली.

"बंद कर, चंद्रभान!"

"चावीच अटकून राहिली, साहेब!"

गाळ बापूसाहेबांच्या जीपखाली शिरला. जीप ढकलायला धावलेले कमलाकांत पांढऱ्या पँटीसकट आडवे झाले. पडल्या पडल्याच ओरडले, "मागच्या बाजूले फिरव पाइप!"

चंद्रभाननं पाइप टेकडीच्या मागच्या अंगाला वळवला. तिथं हराळीचं दाट गवत होतं. धो धो पाणी त्यावर पडत होतं आणि खाली झुळझुळत येत होतं. बापूसाहेबांनी चहाचा रिकामा ग्लास त्याखाली धरून उन्हात पाहिला. पाणी नितळ होतं. त्यांनी हळूच टोपी काढली.

"ही बाजू कोणी केली?"

"म्या केली," शेजारच्या वावरातून गोदाबाई म्हणाल्या. एकटीनं शेती करणारी साठीची बाई. "घाण माह्या वावरात येत होती. मंग मुरूम टाकला, आडवे बांध घातले, हरयाळी लावली."

"उतार किती ठेवलात?"

"म्हैस चढली पाह्यजे इतका. म्हैस चढते तिथून पानी पळत नाही साहेब, चालते."

बापूसाहेबांनी गवताची एक काडी ओढून पाहिली, मग दोन्ही हातांनी ओढली. गवत हललं नाही.

"याच गवतापायी या साहेबायची नोटीस आली होती," कमलाकांतांकडे बोट दाखवत गोदाबाई म्हणाल्या. "उपटून टाका म्हून. मले वाचता येत नाही, म्हून राहून गेलं."

कमलाकांत चिखलातून उठले. ते नुसते त्या वाहत्या पाण्याकडे पाहत राहिले. चार महिन्यांत त्यांना जे जमलं नव्हतं, ते तिथं मुकाट्यानं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंची म्हैस चंद्री पुढे आणि टेप घेऊन कमलाकांत मागे, अशी नव्यानं मोजणी झाली. जिथं चंद्री अडली तिथं त्यांनी खुंटी ठोकली. पुढची सगळी बाजू त्या खुंट्यांच्या मापानं उतरती केली, वर मुरूम आणि हराळी घातली. त्या पावसाळ्यात तिन्ही विहिरींचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ राहिलं.

नव्या उताराचा मंजुरीला पाठवलेला नकाशा मात्र अकोल्याहून दिवाळीनंतर परत आला. कमलाकांत प्रामाणिक माणूस. मोजणी करणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'चंद्री' असंच लिहिलं होतं. नकाशा मंजूर होता. फक्त खाली कोण्या कारकुनाचा लाल शाईत शेरा होता : "श्रीमती चंद्री यांची सही राहिली आहे. घेऊन पाठवावी."