मशीन सोडून कसं जाऊ जी

वडशात देविदासभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरताना गिऱ्हाईक चपला काढतं, आणि शिंक येत असेल तर बाहेरच शिंकून घेतं. आत काचेच्या खोलीत मशीन आहे. तिच्या रंग उडवणाऱ्या चार हेडांना धूळ चालत नाही, वारा चालत नाही, आणि भाऊंच्या मते मोठ्यानं बोललेलंही चालत नाही.

"हळू जी मास्तर. गुलाबीले सकाळपासून सर्दी हाये."

सर्दी म्हणजे गुलाबी रंगाच्या हेडाची भोकं तुंबलेली. त्या दिवशी छापलेले सगळे चेहरे हिरवट निघतात. माझ्या निवृत्तीचा बॅनर नेमका अशाच दिवशी निघाला. शाळेच्या फाटकावर मी आठवडाभर कैरीसारखा लटकत होतो. लोक घरी येऊन तब्येत विचारून गेले.

हेड रिकामं राहिलं की आत रंग वाळतो, म्हणून मशीन रोज चालवावी लागते. हिवाळ्यात नाटक कंपन्यांचे बॅनर असतात. पावसाळ्यात भाऊ नुसते रंगाचे पट्टे छापत बसतात. या एका कारणावर त्यांनी लग्नं, तेरव्या, देवदर्शनं, सगळं टाळलं. "मशीन सोडून कसं जाऊ जी?" तिच्याशी मात्र दिवसभर बोलणं चालू. "दमली का वं? थांब, रंग देतो."

भाऊंची एकुलती लेक सुषमा चंद्रपूरला दिली आहे. तिची आई गेल्यावर माहेरी उरले भाऊ आणि मशीन, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बारशाचं तिनं फोनवर बजावलं, "बाबा, तुमी आल्याबिगर नाव ठेवणार नाई."

मी म्हणालो, "जा. मी बसतो मशीनपाशी."

भाऊंनी मला सकाळभर शिकवलं, आणि शेवटी म्हणाले, "कशालेच हात लावू नका."

मशीनला पट्टे छापायला लावून ते गेले. हेडांच्या वर एक पारदर्शक पट्टी मला मळकट दिसली. मी ती रुमालानं पुसली. रुमालाला आलूबोंड्याचं तेल होतं. त्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचत हेडांचा गाडा सरकतो, हे मला पुढे कळलं. तेलानं रेघा दिसेनात, तसा तो सुसाट निघाला आणि टोकाला धाडकन आदळला. मशीन थांबली. एसटी नेहमीसारखी उशिरा असेल या आशेवर मी शटर ओढून स्टँडकडे पळालो.

एसटी गेली होती. भाऊ बाकावर बसले होते, मांडीवर टोपडं-झबल्याची पिशवी.

"भाऊ, मशीन बंद पडली. माझ्या हातून."

"पडू द्या."

शिव्या मी समजू शकलो असतो.

"गाडी चुकली का?"

"नाई. दोन गेल्या माह्यासमोरून." मग पिशवीचे बंद ओढत म्हणाले, "तिथं जाऊन बोलू काय, मास्तर? पोरीशी तिची मायच बोले. मी नुसता बाजूले बसून राहो."

"बरी आहेस का, एवढं विचारा."

"मंग?"

"मग ती बोलेल."

पुढची गाडी लागली. ते उठेनात, म्हणून मीच आधी चढलो आणि शेजारची जागा धरली. आले बिचारे मागून.

नागभीडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळले, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "बरी हायेस ना, बाई?"

"हो बाबा," मी म्हणालो. "बसा."

कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला. भाऊंनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा स्पष्ट. सिंदेवाही मागे पडली तरी ते विचारत होते, आणि मी बरी आहे म्हणून सांगत होतो.