मुख्य पाहुण्यांचे पाय

जपानी विभागात त्या दिवशी चहाची परीक्षा होती. चहा करून द्यायचा एवढंच. पण असा द्यायचा, की देणाऱ्याचा श्वासही ऐकू येऊ नये. वर्षभर जपानला जायची जागा एकच. शेवटचा नंबर जिचा होता, तिच्या आईने कपाटावरची मोठी बॅग काढून पुसूनही ठेवली होती.

परीक्षक दोन: विभागप्रमुख सर, आणि जपानहून खास आलेल्या बाई. सरांनी सकाळीच खुर्च्या बाहेर काढायला लावल्या होत्या. "संस्कृती खुर्चीत बसून कळत नसते," असं शिपायाला सुनावून ते चटईवर गुडघे मुडपून टाचांवर बसले ते बसलेच. मुख्य पाहुणे तेच. आणि मुख्य पाहुणा उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा त्या चहाचा रिवाज.

शेवटी त्या मुलीने हिरवा चहा घुसळला, वाडगा पुढे ठेवला, वाकली. सर प्यायले. आता त्यांनी उठायचं होतं. ते उठेनात.

"आणखी एक होईल?" सर गंभीरपणे म्हणाले.

ती उठली, कोपऱ्यातून गरम पाणी घेऊन आली. सरांनी घेतल्यावर बाईंनाही नाही म्हणता येईना. मग तिसरा वाडगा झाला. मग सर रिकामा वाडगा फिरवून फिरवून न्याहाळू लागले. "फार बोलका वाडगा आहे," ते म्हणाले. वाडगा विभागाचाच होता. आपलं काय चुकलं, हे मुलगी मनात पहिल्यापासून तपासू लागली.

चौथ्या वाडग्याला तिला दिसलं. सर स्वतःचीच पोटरी हळूच चिमटून पाहत होते. बसून बसून पाय पार बधिर होऊन गेले होते. सांगावं तर पाहुण्यांसमोर सरांची शोभा, न सांगावं तर मुक्काम चटईवर.

तिने मान खाली घातली. "सर, माफ करा. माझ्या पायांना मुंग्या आल्यात, उठवत नाहीये. थोडं थांबता का माझ्यासाठी?"

"बस, बस. घाई कुणाला आहे?" सरांनी लगेच मांडी घातली, आणि आजकालच्या पोरांच्या पायांत जोर कसा तो राहिला नाही, यावर पोटरी चोळत बोलत राहिले. पायांत जीव येताच ते ताठ उभे राहिले. "चहा उत्तम. पण हिला पाठवून उपयोग नाही. बैठकच नाही पोरीला."

मुलीला फार वाईट वाटलं. चार वर्षांची मेहनत सरांच्या पोटरीपायी गेली होती.

बाई मात्र अजून चटईवरच होत्या. "आमच्या घरी सगळे खुर्चीवर बसतात," त्या जपानीत शांतपणे म्हणाल्या. "माझे पाय दुसऱ्या वाडग्यालाच गेले. तुम्ही उठेनात, म्हणून मला हलता येईना. सारखी उठून पाणी आणणाऱ्या मुलीचे पाय कसे जातील? माझे हाल तिने ओळखले, म्हणून ती खोटं बोलली." त्यांनी मुलीकडे हात केला. "हिलाच पाठवा. पण आधी मला उठवा."

मुलीने सरांकडे पाहिलं. सर आपले मोजे निरखत होते. तिने बाईंचा हात घट्ट धरला आणि त्यांना उठवलं.