वाटीभर झोप

मधाची वाईन लावायला वाटीभर झोप लागते, आणि हिरडवाडीच्या अंजिराकडं ती चमचाभरसुद्धा उरली नव्हती. माश्या रात्रंदिवस राबतात, त्यामुळं मधात झोप म्हणून नसते. ती घातल्याशिवाय मध काही फसफसत नाही. अंजिरानं मध, पाणी, यीस्ट सगळं घालून बघितलं, पण पिंप आपलं टक्क जागं. तिची स्वतःची झोप तर धंदा काढायचं ठरवलं तेव्हाच उडाली होती.

शेवटी ती वाटी घेऊन शेजारच्या ठकूअक्काकडं गेली, विरजण मागायला जावं तशी.

"अक्का, घरात झोप असली तर द्या की."

"केवढी?"

"वाटीभर. वाईन झाली की आणून देते."

"वाटी रिकामी आणू नको फक्त," ठकूअक्का म्हणाली आणि काठोकाठ भरून दिली. झोप चांगली दाट होती, वर साय धरलेली.

अंजिरानं ती पिंपात ओतली. पिंपानं एक मोठी जांभई दिली आणि फसफसायला लागलं.

इकडं ठकूअक्का जागीच. तिनं आपलं अंगण झाडलं, मग सगळ्या आळीचं झाडलं, मग ओढ्याचा काठ. गावातल्या कोंबड्यांनाही तीच उठवायला लागली. कोंबडे पार वैतागले. पण पुढं तिचा जीव लागेना. तिची वारलेली आई तिला रोज स्वप्नात भेटायची.

"अंजिरे, आई चुलीवर दूध ठेवून माझी वाट बघत असंल गं. दे माझी झोप."

"साहेब तपासून गेल्याबिगर थेंब बाहेर काढता येत न्हाई, अक्का. लायसन जाईल माझं."

"आन् आई गेली म्हंजे?"

अंजिरानं पिंपाचं झाकण आणखी घट्ट दाबलं.

मग एक्साईजचे मोकाशीसाहेब आले. जाड मिशी, डोक्यावर टोपी. दारात बूट काढून ते पिंपाभोवती फिरले.

"यात काय काय घातलंय?"

"मध, पाणी, यीस्ट आन् झोप."

"झोप कुणाची?"

"शेजारची."

"तिची संमती आहे?"

"व्हती," दारातून ठकूअक्का म्हणाली. "आता पस्तावतीय."

साहेबांनी पेलाभर चाखली, मान डोलवली आणि तिथंच पोत्यावर आडवे झाले. जरा वेळानं झोपेत म्हणाले, "आलो, आई."

"अगं बया! माझ्या आईला आई म्हणतोय मेला!" ठकूअक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. मग हळूच त्यांच्या उशाशी बसली. "काय म्हणती रं ती?"

"दूध उतू चाललंय म्हणते."

"मग उतरव की, मुडद्या! पदरानं धर, भाजंल!"

"पदर नाही मला."

"टोपीनं धर!"

साहेबांनी झोपेतच टोपी काढली. खोलीभर तापल्या दुधाचा वास पसरला.

उठल्यावर त्यांनी टोपीची साय पुसली आणि सही केली. "झोप अस्सल आहे. शेजारणीची वाटी आधी परत करा."

अंजिरानं वाटी काठोकाठ भरली. ठकूअक्का ती गटागटा प्यायली आणि तिथंच लवंडली. साहेब दारात बूट घालत होते, तेवढ्यात ती झोपेत बोलली, "व्हय आई, बसले. आन् त्यो मिशीवाला? न जेवताच गेला म्हन्तीस?"

साहेबांनी बूट काढून ठेवले. आत येऊन पोत्यावर बसले आणि पेला अंजिरापुढं धरला.

"ओता थोडी," ते म्हणाले. "जेवून येतो."