उजवीकडची मोकळी जागा

“फोटो माझा काढलास का आभाळाचा?” असं म्हणत शिवादादांनी मोबाइल लेकाच्या, हरेशच्या हातात आदळला आणि चहाच्या बशीकडे तोंड फिरवलं.

हरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर धाटावच्या कंपनीत शिफ्टा मारायच्या आणि हाताशी उरलेला रविवार रोह्याच्या फोटोग्राफी क्लासला द्यायचा, असं त्याचं गेले काही महिने चाललं होतं. तिथले सर सिनेमा थांबवून थांबवून शिकवत. माणूस मधोमध ठेवायचा तो आधार कार्डावर. एरवी त्याला बाजूला घ्यावा, तो जिकडे बघतो तिकडे जागा सोडावी, म्हणजे बघणाराही त्याच्याबरोबर बघायला लागतो. हरेशने तंतोतंत तसंच केलं होतं. कुंडलिकेच्या काठावर बापाला डावीकडे उभं केलं, नजर लांब लावायला सांगितली, उजवीकडे नुसतं आभाळ ठेवलं आणि रंग काढून फोटो काळा-पांढरा केला. सरांनी वर्गात तोंडभरून कौतुक केलं. पण हरेशला सरांच्या कौतुकाचं काय करायचंय? चाळिशी उलटली तरी बापाने त्याच्या कुठल्याही कामाला ‘बरं झालं’ म्हटलं नव्हतं. या फोटोला तरी म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

“आर्धं तोंड काळं आलंय,” शिवादादा म्हणाले. “मिठागरात जलम गेला, तवाबी येवढा काळा नव्हतो मी.”

“ती सावली हाय, बाबा. सावलीनं चेहऱ्याला वजन येतं.”

“वजन जेवल्यावर येतं. मधोमध घे नि रंगीत काढ.”

“तुम्हाला त्यातलं काय कळत नाय.”

पूजाने नवऱ्याला खूण केली. “बुधवारी पंचाहत्तरी हाय त्यांची. काढा की त्यांच्या मनासारखा एक.”

“नाय काढणार. हाच लावणार, पुलाच्या तोंडाशी, फ्लेक्सवर. बघू दे सगळ्या अष्टमी गावाला.”

राग माणसाला खातो तो असा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गेटवर उभं राहून हरेशने फ्लेक्स छापणाऱ्या निलेशला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमचे बाबा. वय ७५. दुपारपर्यंत पुलापाशी लाव. मजकूर तुझ्या पद्धतीनं.’ रागाच्या भरात वाढदिवसाचं लिहायचंच राहिलं. आत मोबाइल न्यायची बंदी, त्यामुळे तो गेटवर जमा करून हरेश कामाला लागला.

शिफ्ट सुटायच्या वेळी दुसऱ्या शिफ्टची बस आली. उतरलेली माणसं हरेशला बघून गप्प झाली. एकाने डोक्यावरची टोपी काढली. सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवला.

“जा घरी. रजेचं मी बघतो.”

“झालंय काय?”

“खंबीर ऱ्हा.”

हरेश गेटकडे धावला. मोबाइल हातात घेतला तर निलेशचे ढीगभर मिस्ड कॉल. घरी लावला तर कोणी उचलेना. स्कूटरवर त्याला आपलंच कालचं बोलणं ऐकू येत होतं. बापाशी शेवटचं बोललो काय, तर तुम्हाला कळत नाय. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुलाच्या तोंडाशी त्याने करकचून ब्रेक दाबला. फ्लेक्स डौलात उभा होता. सोडलेल्या सगळ्या आभाळात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली समई, कमळ आणि दोन हंस. तळाला ‘शोकाकुल’ म्हणून चेहऱ्यांची रांग, सगळे अगदी मधोमध, त्यात लग्नातला फेटा बांधलेला खुद्द हरेश. आणि फ्लेक्सखाली जिवंत शिवादादा निलेशची गचांडी धरून उभे.

हरेशचा जीव भांड्यात पडला. तो तिथे एक श्वासभर टिकला असेल नसेल, मग डोळे त्या हंसांवर गेले.

“निलेश, ती जागा का भरलीस?”

“ऐका,” शिवादादा जमलेल्या माणसांना म्हणाले. “बाप मारला त्याचं काय नाय. याची जागा भरली.”

निलेशने कशीबशी कॉलर सोडवून घेतली. “माझी काय चूक? फोटो बिनरंगाचा, नजर वर लागलेली, माणूस बाजूला सरकवलेला. तुला फोन लावला तर उचलत नाय. आणि येवढी जागा मोकळी. जित्या माणसाच्या फोटोत येवढी जागा सोडतं कोण?”

हरेश उत्तर देणार तोच पेणहून आलेली त्याची आत्या इंदुबाई रिक्षातून उतरली ती “दादा रं” करत. समोर दादालाच बघून तिचा हंबरडा मध्येच अडकला. तिने भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “एष्टीत उभ्यानं रडत आली मी. कोणी बसायला जागा दिली, तीबी घेतली नाय.”

मग पदराने डोळे पुसून ती फ्लेक्सकडे बघत राहिली.

“पण दादा, फोटो नामी आलाय. आपली आय अशीच बघायची, मिठागराच्या बांधावर उभी ऱ्हाऊन.”

शिवादादांनी पहिल्यांदाच मान वर केली. फोटो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्याहाळला. हरेश वाट बघत होता.

“निलेश,” ते शेवटी म्हणाले, “अक्षरं काढ. कमळ काढ. ते बगळेपण काढ.”

“मग तिथं टाकू काय?”

“काय नको.”

हरेशकडे मात्र त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ‘बरं झालं’ काही आलं नाही. बहिणीला घेऊन ते तरातरा घरी गेले, आणि हरेश धुसफुसत फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत बसला.

बुधवारी सकाळी नवा फ्लेक्स लागला. डावीकडे शिवादादा, उजवीकडे आभाळ, बाकी अक्षर नाही. शिफ्टला निघालेल्या हरेशला पुलाशी गर्दी दिसली, तशी त्याने स्कूटर हळू केली. एक सायकलवाला फ्लेक्सकडे बोट दाखवून सहानुभूतीने विचारत होता, “तारीख टाकायची ऱ्हायलीय का?”

“तारीख कसली, शाण्या?” शिवादादा लालबुंद झाले होते. “मी बघतोय ना तिकडं? मग तिकडं जागा नको? माझ्या पोरानं मुद्दाम सोडलीय ती. शिकलाय तो त्यातलं. तुला नाय कळायचं, तू सायकल काढ.”

सायकलवाल्याने सायकल काढली. दादांनी लगेच पुढच्या माणसाला धरलं आणि हात उंचावून, सावलीने चेहऱ्याला वजन कसं येतं ते त्याला ओरडून सांगू लागले. हरेशने स्कूटर थांबवली नाही. बाप असा भडकलेला बघून त्याला जन्मात पहिल्यांदा बरं वाटत होतं.