ठुमकीच्या पाठीवरची रेघ

माझ्या स्टुडिओत शिरलेला माणूस बाहेर पडतो तो दहा वर्षांनी लहान होऊन! हे मी नाही, माझी गिऱ्हाइकं सांगतात. फोटो मी काढतो, आणि बायको कॉम्प्युटरवर चेहऱ्यांची साफसफाई करते. डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, तिच्या तावडीतून काही सुटत नाही.

त्यामुळे मावशीचा फोन आला, "ठुमकीचा फोटो काढून दे," तेव्हा मी म्हणालो, "मावशी, घोडीच काय, उंटसुद्धा देखणा करून दाखवीन."

ठुमकी म्हणजे मावशीची घोडी. ठेंगणी, मातकट, पोट सुटलेली. पण आपल्या मातीतल्या एका डोंगरी जातीची ती शेवटची घोडी. सरकारी तबेल्यात त्याच जातीचा एक म्हातारा घोडा उरला होता. फोटोवरून ठुमकी अस्सल ठरली, तरच तो मावशीकडे येणार होता. नाही तर जात ठुमकीबरोबरच संपणार.

मी कॅमेरा लावत होतो. मावशी आयाळ विंचरत ओवी गुणगुणत होती:

पाठीवर काळी रेघ, जशी रानातली वाट
माझ्या ठुमकीला ठावा, आंधळ्या धुक्यातला घाट

"डोंगरावरच्या वस्तीला चाक कधी पोचलंच नाही रे," ती म्हणाली. "औषधं गेली ती हिच्या आजीच्या पाठीवरून, टपाल गेलं हिच्या आईच्या. वाळकं गवत खायचं, खुराला नाल नको, आणि वाट कधी चुकायची नाही. अशी पाठ पुन्हा कुठून आणशील?"

डोळे पुसत पुसतच फोटो काढला. बायकोने तो साफ केला आणि मी न बघता दोघांना फोनवर पाठवला. एक तबेल्याला, एक मावशीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन.

"घोडी छान आहे. पण ही ती जात नव्हे."

"म्हणजे?"

"त्या जातीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ असते. पायांवर पट्टे असतात. हिच्या अंगावर तर साधा तीळसुद्धा नाही."

मी बायकोकडे पाहिलं.

"पाठीवरून तेलाचा ओघळ गेला होता," ती म्हणाली, "आणि पाय चिखलाने बरबटलेले. म्हटलं, मावशींचं काम आहे, जरा जीव ओतून करावं."

"मूळ फोटो कुठाय?"

"हाच तो. त्याच्यावरच हात फिरवला."

तिकडून बाई म्हणाल्या, "दुपारी मी स्वतः येते. रेघ दिसली नाही, तर घोडा विसरा."

जिवात जीव आला. फोटोतली रेघ गेली तरी घोडीवरची कुठे जाणार? आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. बाईंची जीप आणि आम्ही एकदमच अंगणात शिरलो.

आणि पाहतो तर काय!

ठुमकी दारात उभी. पाठ कोरी. पाय कोरे. साऱ्या अंगाला गुलाबाचा घमघमाट. शेजारी मावशी, हातात चेहऱ्याच्या पावडरीचा रिकामा डबा.

"तुझा फोटो बघितला आणि मला कळलं, यांना कशी घोडी हवीय ते," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "पावडरीत माती कालवली. रंग जुळलाय ना रे?"

रंग इतका जुळला होता की बायको कौतुकाने बघत राहिली.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. वाकल्या. नाक घोडीच्या पाठीजवळ नेलं. त्याच क्षणी ठुमकी शिंकली. नुसती शिंकली नाही, तर शिंकून तिने नाकापासून शेपटीपर्यंत सारं अंग झाडलं!

अंगणात ढगच उतरला. तो विरला तेव्हा ठुमकीच्या पाठीवर काळीभोर रेघ लखलखत होती, आणि बाई भुवयांपासून बुटांपर्यंत मातकट झाल्या होत्या. गळ्यातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबण्याइतपत शुद्ध मला उरली होती, एवढंच.

बाईंनी चष्मा पुसला. मग एक बोट रेघेवरून अलगद फिरवत शेपटीपर्यंत नेलं.

"घोडा सोमवारी पाठवते," त्या म्हणाल्या.

मावशीने ठुमकीच्या मानेत तोंड लपवलं. तिला ओवी आठवेना.

पुढे तो फोटो देशी घोड्यांच्या पुस्तकात घ्यायचं ठरलं. सोबत फोटो काढणाऱ्याचाही छापणार होते. मी लगेच स्टुडिओतला माझा उत्तमातला उत्तम फोटो पाठवून दिला.

बाईंचा फोन आला. "ठुमकीचा फोटो पसंत आहे. पण तुमच्याऐवजी चुकून तुमच्या धाकट्या भावाचा आलाय. तुमचा स्वतःचा पाठवा."

मला भाऊ नाही.