बुटांना बदकांची हरकत

निंबेझरीच्या तलावावर बदकांच्या शिकारीला जाणाऱ्याने कोणते बूट घालायचे, हे बदकांची समिती ठरवते. समितीत तीन बदकं असतात आणि ती दर बुधवारी तलाव कचेरीतल्या टेबलावर बसतात. आजवर त्यांनी फक्त गळके बूट मंजूर केले. पाणी शिरलेला बूट पचक पचक वाजतो, तो आवाज लांबून ऐकू येतो, आणि पूर्वसूचना मिळणं हा बदकांचा हक्क आहे. गावाने हे मुकाट्याने मानलं होतं. निंबेझरीला मान डोलवायची सवयच जडलेली, त्याला कोण काय करणार!

पार्बताबाई शेंडे मात्र त्या वर्षी हट्टाला पेटल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या पायांची बोटं थंडीने सुजून वांग्यासारखी जांभळी पडत होती. आणखी एक हिवाळा ओल्या पायांनी काढला तर पाण्यात उतरणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा हिरामण याच कारणाने शिकार सोडून तीन वर्षांपासून शेगडीजवळ बसला होता.

"तूबी बस आता," तो म्हणाला. "दोघाइले पुरते शेगडी."

"तुमी बसा. मले नाई बसाचं," असं म्हणून पार्बताबाई बाजारात गेल्या.

नूरभाईंच्या दुकानात त्यांनी अख्खी सकाळ घालवली. पहिला जोड घोट्याएवढाच होता. दुसऱ्यात लोकर होती, पण बाजूला शिवण होती, आणि शिवण म्हणजे उद्याचं भोक. तिसऱ्याचा तळ गुळगुळीत, चिखलात दोन पावलांत उताणं पाडणारा. चौथा जोड अखंड रबराचा निघाला. गुडघ्यापर्यंत उंच, आत जाड अस्तर, तळाला खोल खाचा.

"एक नंबर मोठा घ्या," नूरभाई म्हणाले. "दोन मोजे घालून बोटं हलली पाहिजेत. नाहीतर लोकर असून उपयोग काय?"

पार्बताबाई दुकानातल्या टबात पाणी भरून अर्धा तास उभ्या राहिल्या. पाय कोरडे आणि गरम राहिले. इतक्या वर्षांनी थंड पाण्यात पाय दुखले नाहीत, म्हणून त्यांना भर दुकानात रडू आलं.

बुधवारी कारकून लांजेवारांनी त्यांना कचेरीतल्या बूट तपासायच्या पाण्याच्या टाकीत उभं केलं. समितीचा अध्यक्ष, चक्रवाक जातीचं एक वयस्कर बदक, त्यांच्या बुटात मान घालून आला.

"आतून कोरडे," तो म्हणाला. "नामंजूर."

"कोनत्या नियमानं?"

"नियम चार. शिकारीच्या वेळी तलावात कोणीही कोरडं राहू नये."

"कोनीबी?"

"कोणीही."

"मंग तुमी उतरा टाकीत."

लांजेवारांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. अध्यक्ष टाकीत उतरला, पाच मिनिटं पोहला आणि बाहेर येऊन त्याने पंख झटकले. लांजेवारांनी त्याच्या छातीला टिपकागद लावला. कागदाला डागही पडला नाही. उरलेल्या दोघांचंही तेच झालं.

समितीने तासभर विचार केला. नियम बदलायचा तर तलावाच्या मध्यभागी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि नियम चारप्रमाणे कोरड्या बदकांना आता तलावात उतरायचीच मनाई होती. शिवाय अपात्र समितीला निर्णय देता येत नाही. पार्बताबाईंचा अर्ज तसाच पडून राहिला, आणि पडून राहिलेला अर्ज आठ दिवसांनी मंजूर धरला जातो.

त्या हिवाळ्यात पार्बताबाई रोज पहाटे गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि हजारभर बदकं काठावर बसली. काठावरच्या बदकावर बंदूक उचलता येत नाही. पार्बताबाईंनी ती उचललीही नाही.

पौषात अध्यक्ष चालत पाण्याच्या कडेला आला. "तडजोड करू," तो म्हणाला. "तुम्ही हरकत मागे घ्या. आम्ही पाण्यात येतो, तुम्ही शिकार करा. फक्त एका बुटाला छोटंसं भोक पाडा."

"सुईयेवढंबी नाई पाडत."

"मग तुम्हाला एकही बदक मिळणार नाही."

"नोको मिळू दे. मी कोरडीच रायतो."

घरी हिरामणनेही समजावलं. पार्बताबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि विषय संपवला.

फाल्गुनात बदकांचा उत्तरेला परतायचा दिवस आला. लांजेवार वही घेऊन काठावर आले. "बाई, हरकत तुमची आहे, म्हणून पाण्यावरून धावत उडायची परवानगी तुमच्याकडे मागतात ती. एकदाच."

"जमिनीवरून उडता येत नाई का त्याइले?"

"येतं. पण शोभत नाही म्हणतात."

"माह्ये पाय सुजले तवा कोनाले शोभलं नाई शोभलं, इचारलं का त्याइनं? उडा म्हना शेतातून."

लांजेवारांनी तसं लिहून घेतलं. बदकं हरभऱ्याच्या रानातून धडपडत धावली, अडखळली आणि एकेक करून उडाली. शेवटी अध्यक्ष उडाला. थोड्या वेळाने आभाळ मोकळं झालं.

"आता निघा बाई," लांजेवार म्हणाले. "तलावात एक बदक नाही."

"परवाना कुठवर हाये?"

"आज दुपारी बारापर्यंत."

पार्बताबाई बारापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या.