चवीपुरती उष्णता

भट्टीच्या फटीतला केशरी उजेड पाहिला की भट्टीमास्तरांची समाधी लागायची. आत काचेची तावदानं रुळांवर मागे-पुढे झुलत तापायची, बाहेर स्टुलावर मास्तर त्याच लयीत डुलायचे. पण आज भट्टीला तापमान सांभाळणारं नवं यंत्र बसलं होतं. शेठनी बजावलं होतं, "यंत्राला हात लावायचा नाही. वीज वाचली आणि काच सरळ आली तर ठीक, नाहीतर भट्टीला कुलूप!"

मास्तरांचा उभा जन्म या उबेत गेलेला! त्यातून यंत्रावरचा आकडा त्यांना फारच कमी वाटला. "गारठशील गं बाई," असं भट्टीला म्हणत त्यांनी चवीपुरती उष्णता वाढवली आणि निर्धास्त डोळे मिटले.

"भावोजी, उठा! मेलो आपण!"

तापलेली काच गार करणारे पंखे सांभाळणारा मेव्हणा ओरडत होता. काच बाहेर आली होती, पण वाऱ्यानं हललेल्या तळ्यासारखी. तिच्याआड मेव्हणा पाण्याखाली चालल्यासारखा दिसत होता. ते इतकं गोड दिसत होतं की मास्तरांना घाबरायला जरा उशीरच झाला. मग मात्र त्यांनी धावत जाऊन यंत्रच बंद केलं. आकडे विझले.

शेठ आले आणि कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात जिच्यासाठी ती काच होती, ती डान्स क्लासवाली बाई दारात हजर! आता काच लपवणार कुठे? बाई पाहतच राहिल्या. काचेपलीकडे त्यांचे हात आपोआप तरंगू लागले.

"अगंबाई! अख्ख्या भिंतीला हीच काच हवी. हुबेहूब हीच हं!"

बाई गेल्या. "मास्तर, भट्टी वाचली!" शेठ म्हणाले. "किती तापवली होती?"

मास्तरांनी विझलेल्या यंत्राकडे बोट दाखवलं. "यंत्र बंद केलं, आकडा गेला. पण शेठ, मी थोडी वाढवली होती."

"थोडीनं एवढ्या लाटा येत नाहीत."

मेव्हणा छताकडे बघत म्हणाला, "भावोजींचा डोळा लागला होता. म्हटलं, ते उष्णता वाढवायला विसरले असतील. म्हणून मीही थोडी..."

"तरी एवढ्या येत नाहीत," मास्तर पुटपुटले.

शेठ शर्टाचं बटण चाचपू लागले. "सकाळी, तुम्ही यायच्या आधी... विश्वासच बसेना हो त्या यंत्रावर."

"अहो, हात लावायचा नाही म्हणून तुम्हीच बजावलंत ना?"

"तुम्हाला बजावलं. मला कोण बजावणार?"

मास्तरांनी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि अदबीनं बाजूला सरकले. "या शेठ. पहिला मान तुमचा."